स्वतः जोडलेला पाच इंची रेसिंग क्वाड : इंदुरात प्रत्यक्ष किती खर्च येतो?

पाच इंची प्रोपेलरचा रेसिंग क्वाड, म्हणजे शर्यतीचा चार मोटरांचा ड्रोन, सुटे भाग आणून घरी जोडायचा ठरवला, तर नुसत्या उडणाऱ्या यंत्राला पंचवीस हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. ते उडवण्यासाठी हातात, डोळ्यांवर आणि टेबलावर जे लागते, त्याचे तीस-पस्तीस हजार निराळे. या छंदाकडे वळणारी आपल्याकडची बहुतेक मुले पहिलाच आकडा धरून घरी पैसे मागतात आणि दुसऱ्या आकड्याशी अडून बसतात, म्हणून मी दोन्ही हिशेब वेगळे मांडतो आहे. क्वाड मी आणि माझ्या भाच्याने रामबागेतल्या घरी जोडला. किमती आम्ही मोजलेल्याच आहेत, फक्त शेकड्यांत धरल्या आहेत.

तयार क्वाड का घेतला नाही, असे अनेकजण विचारतात. केंद्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. ती पूर्ण जोडलेल्या यंत्राला तर लागू आहेच, पण जोडणीसाठी संचाच्या रूपात येणाऱ्या यंत्रालाही आहे. सुट्या भागांची आयात मात्र खुली राहिली. त्यामुळे रेसिंगचा छंद असणाऱ्याला भाग जमवून जोडणी करणे हाच सरळ मार्ग उरतो, आणि माझ्या मते शिकण्याच्या दृष्टीने तो चांगलाही आहे, कारण जो क्वाड आपण जोडला तोच पडल्यावर आपल्याला दुरुस्त करता येतो.

सर्वांत मोठी रक्कम फ्लाइट कंट्रोलर (क्वाडचा तोल सांभाळणारा मेंदू) आणि ईएससी (मोटरांचा वेग नियंत्रित करणारे सर्किट) यांच्या जोडीवर गेली. आम्ही स्पीडीबी एफ४०५ व्ही४ घेतली. तिला साडेसात हजार पडले आणि त्यातला एकही रुपया वाया गेला असे मला वाटत नाही. चारही मोटरांसाठीचा ५५ अँपिअरचा ईएससी आणि त्याला जुळणारा कंट्रोलर एकत्र मिळतात, कपॅसिटर सोबतच येतो, आणि ब्लूटूथ असल्यामुळे बीटाफ्लाइट या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमधले बदल मैदानावर मोबाइलवरून करता येतात. मोटरा इमॅक्स इको टूच्या, २२०७ मापाच्या आणि १९०० केव्हीच्या, म्हणजे भाराशिवाय दर व्होल्टमागे मिनिटाला १९०० फेरे घेणाऱ्या. एकीला सतराशे रुपये. सहा सेलची बॅटरी पूर्ण भरल्यावर २५.२ व्होल्ट देते, म्हणजे भाराशिवाय ही मोटर मिनिटाला सुमारे ४८ हजार फेरे घेऊ शकते. चार सेलच्या तुलनेत तेवढीच शक्ती कमी प्रवाहात मिळते आणि जोराच्या वळणावर व्होल्टेज कमी कोसळते, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यानेही सहा सेलच धरावेत.

हत्यारांच्या बाबतीत काटकसर करू नये, हे मी आग्रहाने सांगेन. बॅटरीच्या एक्सटी६० कनेक्टरची जाड तार ईएससीच्या पॅडला (तार डकवायच्या धातूच्या पट्टीला) जोडताना पॅडखालचे रुंद तांबे सगळी उष्णता ओढून घेते. साध्या २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने तिथे कथलाचा मळकट, गोळीसारखा थेंब बसतो. तो वरून घट्ट दिसला तरी आत पकडलेला नसतो. महाराणी रोडवर मिळालेल्या ६० वॉटच्या, तापमान नियंत्रित करता येणाऱ्या आयर्नला रुंद टोक लावले आणि फ्लक्स वापरला, तेव्हा तोच कथील चकाकत तारेच्या पेडांत उतरला. क्वाडमधून वाहणारा सगळा प्रवाह या एका सांध्यातून जातो. पहिल्यांदा बॅटरी लावताना मध्ये गाडीचा एक दिवा सिरीजमध्ये जोडावा. कुठे शॉर्ट असेल तर दिवा लागून राहतो आणि साडेसात हजारांची ती जोडी वाचते.

कॅमेरा आणि त्याचे चित्र डोळ्यांवरच्या गॉगलकडे पाठवणारा व्हिडिओ ट्रान्समीटर आम्ही ॲनालॉगच घेतले, दोन्ही मिळून साडेचार हजारांत. डिजिटलचे चित्र निःसंशय सुंदर असते, पण त्याचा गॉगलसह खर्च या संपूर्ण क्वाडच्याही पुढे जातो. मोठ्या शक्तीच्या ट्रान्समीटरवर पैसे घालणे रेसिंगसाठी तर निरर्थक आहे, कारण रेसबँड या शर्यतीत वापरल्या जाणाऱ्या पट्ट्याच्या चॅनलांत अंतर फक्त ३७ मेगाहर्ट्झचे असते आणि एकमेकांच्या चित्रात व्यत्यय येऊ नये म्हणून शर्यतीत सहसा सर्वांना २५ मिलिवॉटवरच उडवायला लावतात.

भाग ज्या ऑनलाइन दुकानातून मागवले, त्याने चार मोटरांपैकी एक वेगळ्या केव्हीची पाठवली. बदलून दिली हे खरे, पण परतीच्या कुरिअरचे पैसे आमच्याकडूनच घेतले, आणि हे मला मुळीच पटलेले नाही. पार्सल उघडताच प्रत्येक मोटरवरचा आकडा वाचून घ्यावा.

क्वाडबाहेरच्या खर्चात रेडिओमास्टर पॉकेट हा हातातला रेडिओ (रिमोट) साडेसात हजार, साधा बॉक्स गॉगल दहा हजार, चार्जर पाच हजार आणि १३०० एमएएचच्या तीन बॅटऱ्या साडेदहा हजार. यांपैकी रेडिओ, गॉगल आणि चार्जर पुढच्या क्वाडलाही चालतात, म्हणून तिथे हात आखडू नये. बॅटऱ्यांचे तसे नाही. शर्यतीच्या वेगात एक बॅटरी दोन-तीन मिनिटांत उतरते, आणि मे महिन्यात इंदूरच्या उन्हात बंद गाडीत भरलेली ठेवली तर फुगते. उडवायची नसेल तेव्हा ती प्रत्येक सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी.

जागेचा खर्च पेट्रोलचाच. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, त्यामुळे सुपर कॉरिडॉरकडच्या मोकळ्या जमिनी सोडून आम्ही बायपासच्या पलीकडे जातो.

क्वाडची फ्रेम, म्हणजे सांगाडा, सोर्स वन या खुल्या आराखड्याची, अठ्ठावीसशे रुपयांची. तिचे चारही आर्म (मोटरा बसवायचे हात) सुटे असल्यामुळे एक मोडला तर तेवढाच बदलता येतो. फ्रेम मागवतानाच दोन आर्म जादा घ्यावेत, कारण नंतर एकट्या आर्मच्या कुरिअरला जवळजवळ आर्मइतकेच पैसे पडतात.