लोहचुंबक चिकटला, तरी सिल सडकीच

जुनी गाडी घरच्या घरी दुरुस्त करून नव्याने उभी करणाऱ्या प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो: पत्र्यावर लोहचुंबक फिरवून बघा; चिकटला तर पत्रा, घसरला तर लांबी, म्हणजे खड्डे-भोकं बुजवायचा लेप. सल्ला चांगलाच आहे. अडचण एवढीच, की गंज झाकून पैसे कमावणाऱ्यांनाही तो पाठ आहे आणि त्यांनी त्यावर केव्हाच तोड काढली आहे. माझ्या गाडीच्या दोन्ही सिलवर, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पेट्यांवर, लोहचुंबक पुढून मागेपर्यंत खटकन चिकटत होता. आतल्या पत्र्याचा मात्र भुगा झालेला होता.

गाडी चार सिलिंडरची, कार्ब्युरेटरवाली, वयाने बरीच. खर्चाला मर्यादा होती, म्हणून जमेल ते सगळं घरी करायचं ठरवलं होतं. इंजिन उतरवणं, ब्रेकचे सिलिंडर खोलून रबरं बदलणं, वायरिंग नव्याने ओढणं, सीटांची शिलाई, हे सावकाश चाललं होतं. थोडे बदलही करायचे होते: पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, आणि नुसत्या कंबरपट्ट्यांच्या जागी खांद्यावरून येणारे तीन बिंदूंचे सीटबेल्ट. बाहेर दिलं ते फक्त सिलचं वेल्डिंग. मिग वेल्डिंग मला थोडंफार येतं, पण शिकाऊ हाताने डाग द्यायची ती जागा नाही.

सिल म्हणजे दाराच्या उंबऱ्याखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पोकळ पेटी. ट्रकला खाली वेगळी चौकट असते आणि वरची बॉडी तिच्यावर बसवलेली असते. साध्या मोटारीत तशी चौकट बहुधा नसते, बॉडीचा पत्राच सगळा भार उचलतो. सित्रोएनने १९३४ मध्ये ट्रॅक्शन अव्हाँ आणली, तेव्हापासून ही बांधणी मोठ्या प्रमाणावर रुळत गेली. अशा गाडीत दाराचं मोठं भगदाड पडलेलं असतं, आणि गाडीचा पुढचा अर्धा भाग मागच्या अर्ध्याला धरून ठेवण्याचं बरंचसं काम खाली सिल करते. म्हणून तिच्यात बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि पुष्कळदा दोघांच्या मध्ये मजबुतीची पट्टी असते. दुर्दैवाने चिखल आणि पाणीही याच पेटीत साचतं. गंज आतून बाहेर येतो. रंगावर फोड दिसायला लागतो तोवर आतलं बरंच गेलेलं असतं.

काम घेणारा माणूस गोड बोलणारा होता, आणि त्याला काम येत नव्हतं असंही नाही. पहिल्याच भेटीत तो म्हणाला, "ताई, वरून ठिगळ मारून गंडवणारे पुष्कळ आहेत. आपण कापतो. तिन्ही थर नवे घालतो." बिलावरही तसंच लिहिलं: दोन्ही बाजूंची सिल बाहेरून-आतून नवी, जॅक लावायच्या जागा नव्या. काम सुरू झाल्यावर फोटो यायला लागले. कापलेली पेटी, आतला लालभडक गंज, मग कोरा पत्रा, वेल्डचे गोल ठिपके, त्यावर राखाडी झिंक प्रायमर. मी येऊन बघते म्हटलं की, "आत्ता नको ताई, गाडी स्टँडवर आहे, ग्राइंडरच्या ठिणग्या उडतायत." कापलेले तुकडे मागितले तर ते भंगारवाल्याने कालच नेलेले.

गाडी ताब्यात देताना त्याने स्वतःच खिशातून लोहचुंबक काढला आणि सिलवर फिरवून दाखवला. मी माझाही फिरवला. मुठीने ठोकून बघितलं, आवाज भरीव आला. दारं एका बोटाने लागत होती. खालून काळा अंडरकोट, म्हणजे गाडीच्या पोटाला गंज लागू नये म्हणून देतात तो थर, जाड आणि सारखा दिसत होता.

सीटबेल्टचा खालचा बोल्ट सिलच्या आतल्या बाजूला येतो. त्याच्या मागे जाड पट्टी वेल्ड करायची, म्हणून गाडी एका बाजूने थोडी उचलायला घेतली. जॅक बरोबर त्याच्या जागेवर होता. दांडा दाबत गेले तसा जॅक वर येत होता, गाडी मात्र तेवढी येत नव्हती. काळ्या अंडरकोटला केसाएवढी भेग पडली, ती बघता बघता बोटभर लांब झाली आणि आतून करकर असा आवाज आला. उघडं ठेवलेलं दार लावून बघितलं, तर त्याची मागची कड बॉडीच्या खांबाला घासत होती. जमिनीवर उभ्या गाडीत हीच फट वरपासून खालपर्यंत सारखी होती. बॉडी दुमडत होती, दुसरा अर्थच नव्हता. जॅक लगेच उतरवला. गाडीखाली कुणी नव्हतं, हे नशीब.

मग कडेला आडवी पडून बॅटरीच्या उजेडात नीट बघितलं. कारखान्यातून आलेल्या सिलच्या खालच्या कडेला पाणी निचरायला छोटी भोकं असतात. इथे एकही नव्हतं. जिथे पत्र्याचे थर एकमेकांना जोडतात त्या खालच्या पट्टीवर स्पॉट वेल्डचे गोल खळगे ठरावीक अंतराने दिसायला हवेत. पट्टी आरशासारखी सपाट. हाताने वेल्ड केलेलं असतं तरी भोकात भरलेल्या वेल्डच्या खुणा कुठेतरी दिसल्याच असत्या.

अंडरकोट खरवडल्यावर खाली लांबी निघाली आणि लांबीखाली पॉप रिव्हेटांची डोकी. सडक्या सिलवर वरून पातळ पत्रा वाकवून चढवला होता, चार-दोन ठिकाणी वेल्डचे टाके, बाकी रिव्हेट. कडा लांबीने बुजवल्या, खाली अंडरकोट, वर रंग. लोहचुंबक चिकटणारच, कारण वरचा पत्रा खराच लोखंडाचा होता. नुसता पत्रा चढवला तर ठोकल्यावर पोकळ खडखडतो, म्हणून जुन्या सिलच्या भोकांतून आत फोम मारला होता. तो फुगून घट्ट बसला की आवाज भरीव येतो. स्क्रूड्रायव्हरने वरचा पत्रा उचकटला तेव्हा तो पिवळा फोम ओलाच होता. मुठीत दाबला तर बोटांमधून तपकिरी पाणी ओघळलं. निचऱ्याची भोकं बुजवून आत ओला फोम कोंबणं म्हणजे राहिलेल्या पत्र्याची उरलीसुरली वाट लावणं. आतल्या पत्र्याला बोट लावलं की पापुद्रे हातात येत होते.

नंतर एकाकडून रंगाची जाडी मोजायचा मीटर आणून लावला. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) असतो, नवा हात मारला की आकडा वाढतो, आणि लांबीवर तो हजाराच्या पुढे जातो. माझ्या सिलच्या मधोमध आकडा नव्या रंगाला शोभेल असाच होता. फक्त कडांना तो एकदम उसळत होता. म्हणजे मीटर फिरवणारानेही कडा सोडून मधेच मोजलं असतं तर त्यालाही काही वावगं वाटलं नसतं.

फोटोंचं कोडंही मग सुटलं. ते मोठ्या पडद्यावर घेतले. माझ्या गाडीत सिलच्या आतल्या बाजूला लंबगोल भोक आहे, सीटच्या आडव्या पट्टीच्या मागे. फोटोतलं भोक गोल होतं आणि पट्टीच्या पुढे. प्रायमरच्या कडेला डोकावणारा जुना रंगही माझ्या गाडीचा नव्हता. काम खरंच झालेलं होतं आणि चांगलं झालेलं होतं, पण भलत्याच कुणाच्या गाडीवर. इतक्या जवळून काढलेले फोटो फोनच्या पडद्यावर ओळखणं अवघडच. शिवाय मेसेजमधून आलेल्या फोटोत मूळ तारखेची नोंद बहुधा उरत नाही. म्हणून आता माझी मागणी अशी असते की प्रत्येक फोटोत नंबरप्लेट किंवा चासी नंबर दिसला पाहिजे, किंवा मी खडूने लिहून ठेवलेली खूण.

त्याला विचारलं तर आधी "तुम्ही जॅक चुकीच्या जागी लावला" असं उत्तर आलं. मग "ताई, जुन्या गाडीत एवढं चालायचंच." मग "एवढ्या पैशात एवढंच होतं", आणि बिलावर तर तिन्ही थर त्याच्याच अक्षरात. शेवटी, "आणा गाडी, फुकटात करून देतो." इथे सांभाळा. गाडी परत त्याच्या हातात गेली की सगळा पुरावा तोच कापून टाकणार. मी उचकटताना पायरीपायरीने फोटो काढले, रिव्हेटासकट निघालेला पत्रा आणि फोमचा तुकडा पिशवीत घालून ठेवला. हे सगळं समोर मांडल्यावर काही पैसे परत आले, तेही हप्त्याहप्त्याने आणि कुरकुरत. सगळे आलेच नाहीत.

त्याच्याकडून आल्यावर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही बदललेला निघाला. सिलच्या कामाशी त्याचा काडीचा संबंध नाही. शंका आली ती नटांमुळे: आजूबाजूला वर्षांची धूळ-तेलाची खपली आणि या दोनच नटांवर पान्याचे ताजे ओरखडे. फिरवून बघितला तर बेअरिंग घरघरत होतं. माझा होता तो मी त्याच्या आधी स्वतः साफ करून बसवला होता. हे मात्र मला सिद्ध करता आलं नाही, कारण नंबरचा फोटो काढून ठेवलेला नव्हता. गाडी बाहेर ठेवायची असेल तर कार्ब्युरेटर, अल्टरनेटर, स्टार्टर यांचे नंबर टिपून ठेवावेत आणि न दिसणाऱ्या जागी सेंटर पंचचा एकेक ठिपका द्यावा. पाच मिनिटांचं काम आहे.

सिल दुसऱ्याकडून परत करून घेतली. या मिस्त्रींनी पहिल्यांदा काय केलं, तर कापायला हातच लावला नाही. आधी दाराच्या भगदाडात लोखंडी नळ्यांचा आडवा-तिरपा आधार टाकून दोन्ही खांब जखडले, कोपऱ्यातून कोपऱ्यात मापं घेतली, दार लावून फटी बघितल्या. आधार न देता सिल कापली तर गाडी मधे बसते आणि मग दारं जन्मात नीट लागत नाहीत. आधी एक बाजू पूर्ण केली, मगच दुसरी घेतली. मूळ स्पॉट वेल्ड होते तिथे नव्या पत्र्याला भोकं पाडून ती वेल्डने भरली, दोन थरांच्या मध्ये वेल्ड सहन करणारं झिंक प्रायमर लावलं, निचऱ्याची भोकं राखली. रंग वाळल्यावर त्याच भोकांतून नळी घालून आत मेण फवारलं. जुन्या सिलची खरी हालत मला त्यांनी कापून हातात दिलेल्या तुकड्यांवरून कळली.

फोमबद्दल एक गोष्ट घरी वेल्डिंग करणाऱ्यांनी ध्यानात ठेवायलाच हवी. गाडी कुणाच्या हातून आलीय माहीत नसेल तर सिलला गॅसची ज्योत किंवा वेल्ड लावण्याआधी भोकातून आत बघा. हा फोम पॉलियुरेथेनचा असतो, तो पेटतो, आतल्या आत धुमसत राहतो, आणि जळताना कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड सोडतो. आमच्याकडे सगळा खरवडून काढला, बॅटरी सोडवली, आतली कार्पेट-सीटं बाहेर काढली आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवलं. तरीही एका कोपऱ्यात राहिलेला तुकडा धुरावलाच.

या दुसऱ्या कामाचे पैसे टप्प्यांनी दिले आणि प्रत्येक टप्प्याला गाडी डोळ्यांनी बघितली: कापल्यावर, आतला थर बसल्यावर, आणि बाहेरचा पत्रा बंद होण्याच्या आधी. हा तिसरा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्यानंतर काहीच दिसत नाही. ज्याला काम करायचंय त्याला यात अपमान वाटत नाही. या मिस्त्रींनी तर स्वतःहून फोन करून "बंद करायच्या आधी बघून जा" म्हटलं. शेवटच्या हप्त्याआधी फोनला जोडायचा वायरवाला छोटा कॅमेरा निचऱ्याच्या भोकातून आत घातला. प्रायमर दिसला, वेल्ड दिसले, मेण दिसलं. मग एकेका बाजूने जॅक लावला आणि दारं उघडून-लावून बघितली. फट जागची हलली नाही.

सीटबेल्ट आता बसले आहेत, मागे जाड पट्ट्या वेल्ड करून. डिस्क ब्रेक राहिलेत, कारण त्यांच्यासाठी बाजूला काढलेले पैसे दुसऱ्यांदा सिलमध्ये गेले.