निकॉन झेड १८०-६०० लेन्स: जिप्सीतून वापरल्यावर

नागपुरात राहून जंगलासाठी टेलिफोटो झूम (लांबचं जवळ आणणारी, कमी-जास्त करता येणारी लेन्स) घ्यायची असेल, तर ६०० मिमीपेक्षा आधी तिचं दुसरं, कमी मिमीचं टोक बघा. ताडोबा घ्या, पेंच घ्या नाहीतर उमरेड-कऱ्हांडला, आपण जिप्सीतून रस्त्यावरूनच फोटो काढतो आणि इथला वाघ पुष्कळदा त्याच रस्त्याने समोर चालत येतो. लांब असतो तेव्हा ६०० अपुरी वाटते. मग तो पंधरा मीटरवर येतो. एवढ्या अंतरावर फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६००ची फ्रेम जेमतेम ९० सेंटीमीटर रुंद, म्हणजे तोंड आणि छाती. १८०ला ती ३ मीटर होते. आडवा उभा मोठा नर शेपटीसकट कसाबसा मावतो. गाडी मागे घ्यायची म्हटलं तर मागे चार जिप्स्या उभ्या.

म्हणून ६००वरून १८०वर किती झटकन येता येतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि इथे ही लेन्स मनापासून आवडली. झूमची रिंग पूर्ण फिरायला सुमारे ७० अंश लागतात, मनगटाचा एकच हेलकावा. डोळा व्ह्यूफाइंडरवरून काढावा लागत नाही. झूम आतल्या आत होतो, नळी पुढे सरकत नाही, त्यामुळे बीन बॅगवर (लेन्सखाली ठेवायच्या भरलेल्या पिशवीवर) ठेवलेला तोल ढळत नाही. मे महिन्यात पुढच्या गाडीची धूळ अंगावर येते तेव्हा पुढे-मागे होणारी नळी नसणं किती बरं असतं, ते तिथे बसल्यावरच कळतं. माझ्या जुन्या निकॉन २००-५०० लेन्सची नळी बाहेर यायची, तिला मी प्रत्येक सफारीनंतर ब्रशने पुसत बसायचे.

वजन कॉलरसकट (ट्रायपॉडला जोडायच्या कड्यासकट) २१४० ग्रॅम. २००-५०० होती २३००. हातात घेऊन पक्ष्यांमागे फिरायलाही जमते. अंबाझरी तलावावर हिवाळ्यातल्या बदकांसाठी मी हीच नेते. शार्पनेसबद्दल तक्रार नाही, ६००लाही नाही.

खरी अडचण उजेडाची. ६००ला अॅपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र) फार तर एफ ६.३पर्यंतच उघडतं; हा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी. सकाळी गेट उघडल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास, बांबूच्या सावलीत, चालत्या वाघासाठी १/२५० सेकंदाचा शटर हवा असेल तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४००च्या आसपास जातोच. एफ ४ची प्राइम (झूम न होणारी लेन्स) अडीचपट उजेड आत घेते, पण तिच्या किमतीत दुसरी गाडी येईल. लेन्समधलं स्थिरीकरण तुमचा हात सावरतं, वाघाचं पाऊल थांबवत नाही. त्यामुळे मी आयएसओ वाढवते आणि नॉइज (फोटोतले दाणे) घरी कमी करते. उन्हाळ्यात ऊन चढल्यावर पाणवठ्यापलीकडचा फोटो मऊ आला तर लेन्सला दोष देऊ नका. तापलेल्या जमिनीवरची हवा हलत असते, तिथे लाखोंची लेन्सही काही करू शकत नाही. जवळ येण्याची वाट बघावी.

लेन्सखालचा, ट्रायपॉडला जोडायचा पाय आर्का पद्धतीच्या क्लॅम्पमध्ये (ट्रायपॉडवरच्या पकडीत) थेट बसत नाही. प्लेट जोडा किंवा पायच बदला.

डी ५०० किंवा डी ७५०० या निकॉनच्या डीएसएलआरवाल्यांच्या कॅमेऱ्यावर ही लेन्स बसतच नाही, अॅडॉप्टर लावूनही नाही. त्यांनी चांगल्या अवस्थेतली सेकंडहँड २००-५०० शोधावी. ५००पर्यंत एफ ५.६ कायम राहतो, आणि त्या कॅमेऱ्यांच्या लहान, क्रॉप सेन्सरवर ती ७५०सारखी दिसते.