बाल्टिमोरचं म्हणून घेतलेलं टेबल

मेरीलँडमधे राहून बारा वर्षं झाली आणि जुन्या फर्निचरचं वेड लागून चारेक, म्हणजे आपल्याला कळतं असं वाटायला लागण्याइतकी. मागच्या वर्षी एका डीलरकडे महोगनीचं कार्ड टेबल दिसलं, अर्धगोल, वरची फळी दुमडणारी, खाली निमुळते होत जाणारे पाय आणि पायांवर फिक्या लाकडाच्या बेलफ्लॉवरची (घंटेसारख्या फुलांची) माळ जडवलेली. मधली पाकळी बाजूच्या दोन्हींपेक्षा लांब. ही पाकळी दिसली की टेबल बाल्टिमोरचं, म्हणजे मेरीलँडमधल्याच शहरात बनलेलं, साधारण १७९० ते १८१०, असं वाचलेलं, त्यामुळे डीलर काही बोलायच्या आत मीच म्हणालो "बाल्टिमोर ना?" तो नुसता हसला. ३,८०० डॉलर मोजले.

घरी आणून उलटं केलं (दुकानातच करायला हवं होतं, माहितीये) तर आतलं न दिसणारं लाकूड व्हाइट पाइन. न्यू इंग्लंडवाले (अमेरिकेच्या ईशान्येकडची राज्यं) आत बहुतेक हेच वापरायचे, बाल्टिमोरकडे ट्युलिप पॉप्लर, यलो पाइन, ओक जास्त. डीलरला फोन केला तर म्हणे व्हाइट पाइन तेव्हा जहाजाने दक्षिणेत जायचंच की. आणि हे खरं आहे! म्हणून मी महिनाभर गप्प.

मग एका वयस्कर रिस्टोररला दाखवलं. त्यांनी टॉर्च आडवा धरला आणि पायावरून नख फिरवायला लावलं, नख कुठेच अडकेना. दोनशे वर्षांत लाकूड आकसतं, जडवलेला तुकडा कुठेतरी वर येतो, कुठे फट पडते, इथे सगळं काचेसारखं सपाट. पाकळ्यांची कड गरम वाळूत करपवतात, ती सावली हळूहळू फिकी होत जाते, इथे पेनाने काढल्यासारखी एकसारखी रेघ. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एका पायाला जुनी भेग आहे, ती फुलापाशी येऊन गायब होते आणि फुलाच्या खालून परत सुरू होते, फूल मात्र अख्खं. म्हणजे भेग आधी, फूल नंतर. टेबल जुनंच, पण साधं, बहुतेक न्यू इंग्लंडचं, फुलं नंतर कोणीतरी कोरून बसवलेली. आपल्याकडे सागवानाला काळं पॉलिश मारून शिसवी म्हणून गळ्यात मारतात त्यातलाच प्रकार.

पावती काढली तर त्यावर "बाल्टिमोर पद्धतीचं इनले", म्हणजे जडवकाम. डीलर म्हणाला, बाल्टिमोरचं आहे असं मी कधी म्हणालो, तुम्हीच म्हणालात.

टेबल हॉलमधेच आहे, भेगेचा पाय भिंतीकडे करून ठेवलाय.