घर घेण्याआधी ई-सर्च, महारेरा आणि महाभूमी: मराठवाड्यात कोणती सेवा किती कामाची

छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर किंवा नांदेड, कुठेही घर बघायला निघा, एजंट पहिल्याच भेटीत सांगतो, "कागदं क्लिअर आहेत, बँकेचं लोन होतं." लोन होतं म्हणजे बँकेच्या वकिलाने बँकेच्या पैशापुरतं पाहिलेलं असतं. घेणाऱ्याला घरबसल्या स्वतः पाहता येतील अशा तीन सरकारी सेवा आहेत: नोंदलेले दस्त शोधायची नोंदणी व मुद्रांक विभागाची ई-सर्च, नव्या बांधकाम प्रकल्पांची नोंदणी ठेवणाऱ्या महारेरा प्राधिकरणाचं संकेतस्थळ आणि जमिनीच्या नोंदींचं महाभूमी. तिन्ही फुकट किंवा चहाच्या पैशात होतात. पण तिन्हींवर सारखाच भरवसा ठेवता येत नाही, आणि मराठवाड्यातल्या जमिनीचा एक जुना प्रश्न तिन्हींच्या आवाक्याबाहेर राहतो.

जुनं घर किंवा रीसेलचा फ्लॅट घेणाऱ्याने सुरुवात ई-सर्चपासूनच करावी. तिघांत सगळ्यात कामाची सेवा हीच आहे आणि वापरायला सगळ्यात त्रासाचीही. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की त्या वर्षी नोंदलेल्या दस्तांची यादी येते, त्यातून इंडेक्स २, म्हणजे त्या दस्ताचा गोषवारा, उघडतो. कॅप्चा पहिल्यांदा बरोबर टाकूनही बहुतेक वेळा दुसरा येतो. तो टाकल्यावरच यादी दिसते, त्यामुळे पहिल्या रिकाम्या पानावरून "नोंद नाही" असं समजू नये. ब्राउझरचा पॉप-अप ब्लॉकर बंद करावा, नाहीतर इंडेक्स २ उघडतच नाही. शोध एका वेळी एकाच वर्षाचा होतो, म्हणून वीस वर्षांसाठी वीस वेळा हेच करायचं. दुपारी साइट रेंगाळते. पहाटे किंवा रात्री उशिरा बसलेलं बरं.

खरी गोची गावाच्या रकान्यात होते. तिथे कॉलनीचं नाव चालत नाही, महसुली मौजे, म्हणजे महसूल नोंदीतलं गावाचं नाव, लागतं. संभाजीनगरात पत्ता अमुक नगर किंवा तमुक विहार असला तरी दस्तात मौजे सातारा, देवळाई, गारखेडा, मुकुंदवाडी, पडेगाव असं काहीतरी असतं. विकणाऱ्याकडून जुन्या खरेदीखताची झेरॉक्स घ्या आणि त्यातलंच मौजे निवडा. मग गट नंबर, सिटी सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर आणि फ्लॅट नंबर असे चारही वेगवेगळे टाकून शोधा. ज्याने त्याने दस्तात जे लिहिलं असेल, ते तसंच चढलेलं असतं. यादीत जिल्ह्याचं नाव औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असं जुनंच दिसलं तर तेच निवडायचं.

इंडेक्स २ वर लिहून देणार, लिहून घेणार, क्षेत्रफळ, मोबदला, बाजारमूल्य, दस्त क्रमांक आणि तारीख असते. यातून दोन गोष्टी काढायच्या. पहिली मालकीची साखळी. आज विकणारा मागच्या दस्तात घेणारा असलाच पाहिजे, आणि त्याच्या मागच्या दस्तातही तसंच. दुसरी गोष्ट भावाची. त्याच इमारतीतल्या किंवा त्याच ले-आऊटमधल्या गेल्या दोन वर्षांच्या दस्तांत मोबदला किती लिहिलाय ते पाहा. व्यवहारात रोख फिरत असेल तर आकडा कमी दिसेल, तरीही तोंडी सांगितल्या जाणाऱ्या "इथं चालू भाव हाच" पेक्षा हा आधार पक्का आहे. घरावर कर्ज आहे का, हे गहाणाच्या 'नोटीस ऑफ इंटिमेशन'च्या नोंदीतून कळतं. कर्जदाराने मूळ कागद बँकेत ठेवले की ३० दिवसांत ही नोटीस द्यावी लागते. शंका राहिलीच तर सरसाई (CERSAI) या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या साइटवर १० रुपये फीमध्ये मिळकतीवरचा बोजा शोधता येतो.

ई-सर्च काय दाखवत नाही, तेही माहीत असलं पाहिजे. संगणकीकृत नोंदी मराठवाड्यात साधारण २००२ पासूनच्या आहेत. वकील ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट मागतात, त्यातली आधीची वर्षं दुय्यम निबंधक कार्यालयातल्या पुस्तकांतच पाहावी लागतात. नोटरी केलेली इसारपावती, बाँडवरचा व्यवहार आणि कोर्टातला दावा इथे येत नाही. दाव्यासाठी न्यायालयांच्या ई-कोर्ट्स साइटवर विकणाऱ्याच्या नावाने शोध घ्यावा. बाँडवर घर घेण्याची पद्धत बीड, परभणी, हिंगोलीच्या जुन्या वस्त्यांत अजून आहे. नोंदणी नसलेल्या बाँडने मालकी मिळत नाही, पैसे कितीही दिलेले असोत.

महाभूमीवर सातबारा फुकट बघता येतो आणि डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. बँकेला आणि वकिलाला सहीचाच द्या. यात भोगवटादार वर्ग, इतर हक्क आणि प्रलंबित फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) या तीन जागा सावकाश वाचायच्या. वर्ग-२ असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. क्षेत्र आरमध्ये असतं. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १०७६ चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा. एजंट दोन्ही एकच धरतात. दीड-दोन गुंठ्यांत हा फरक किरकोळ वाटतो, पण सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि खरेदीखतातलं क्षेत्र जुळत नाही तेव्हा फेरफार अडकतो तो इथेच. 'आपली चावडी'वर त्या गावचे चालू फेरफार दिसतात. नोटिशीनंतर हरकतीसाठी १५ दिवस असतात, त्यामुळे घेणाऱ्याने हे पान आधीपासून पाहत राहावं.

घर वडिलोपार्जित असेल तर वारसाच्या फेरफाराची नक्कल मागवाच. फेरफारात पाच वारस आणि खरेदीखतावर तिघांच्याच सह्या असा प्रकार नेहमी होतो. राहिलेल्या दोन बहुतेक बहिणी असतात. त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र ई-सर्चवर सापडत नसेल तर त्यांची सही खरेदीखतावर हवी. "बहिणींचं काही म्हणणं नाही" हे भावाने सांगून चालत नाही.

आता त्या जुन्या प्रश्नाकडे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, म्हणून इथल्या जमिनींना १९५० चा हैदराबाद कूळ कायदा आणि १९५४ चा हैदराबाद इनाम निर्मूलन कायदा लागतो. शहरालगतच्या पुष्कळ ले-आऊटखाली मुळात इनाम जमीन आहे. मदतमाश आणि खिदमतमाश यांतला फरक एजंटाला सहसा माहीत नसतो. मदतमाश हे माणसाच्या निर्वाहासाठी दिलेलं इनाम, तर खिदमतमाश हे मशीद, दर्गा किंवा देवळाच्या सेवेसाठी दिलेलं. दुसऱ्या प्रकारची जमीन सेवेकऱ्याने विकली तरी तो व्यवहार टिकणं कठीण असतं, मधे चार खरेदीखतं झाली तरी. आजच्या सातबाऱ्यावर याचा मागमूस कधी असतो, कधी नसतो. म्हणून ऑनलाइन सातबाऱ्यावर न थांबता तहसीलच्या अभिलेख कक्षातून १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकाची सही-शिक्क्याची नक्कल घ्या आणि तिथपासून आजपर्यंतचे सगळे फेरफार क्रमाने लावा. इनाम, वक्फ, देवस्थान, गायरान, वतन, संरक्षित कूळ, ३८-ई (कुळाला मालकी देणारं कूळ कायद्यातलं कलम) यांपैकी कुठलाही शब्द दिसला तर इसार थांबवून वकिलाकडे जा. वक्फ मंडळाचं मुख्यालय संभाजीनगरात पाणचक्कीलाच आहे, त्यामुळे तिथली खातरजमा अवघड नाही. या एका कामासाठी लागणारा वेळ आणि वकिलाची फी कधीच जास्त वाटू नये.

नवीन बांधकामासाठी महारेरा. एकूण जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीची सक्ती नाही. तालुक्याच्या गावांतले बरेच रो-हाऊसचे प्रकल्प यामुळे बाहेर राहतात. मात्र ही मर्यादा सगळे टप्पे धरून आहे. एकाच ले-आऊटमध्ये आठ-आठ घरांचे तुकडे पाडून "आम्हाला रेरा लागत नाही" म्हणणाऱ्यापासून सावध राहा. नोंदणी असलेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड असावाच लागतो. तो स्कॅन करून थेट प्रकल्पाच्या पानावर जा.

तिथे सगळ्यात आधी बांधकाम परवानगी उघडा. जाहिरातीत सात मजले आणि परवानगी चारच मजल्यांची, असं असेल तर सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट आज अस्तित्वातच नाही. मग पूर्णत्वाची मूळ तारीख आणि सुधारित तारीख शेजारी ठेवून पाहा. तिमाही प्रगती भरलेली आहे का, किती घरं विकली गेलीत, टायटल रिपोर्टमध्ये जमिनीवर कोणाचा बोजा आहे, हे वाचा. बिल्डरने स्वतः भरलेली ही माहिती आहे. साइटवर स्लॅब मोजून ताळा करणं आपल्याच हातात आहे.

कार्पेट एरियाचा, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापराच्या क्षेत्राचा, तक्ता हा महारेराचा सगळ्यात मोठा फायदा. समजा, "हजार फुटांचा टू बीएचके, चाळीस लाख" असं सांगितलं आणि तक्त्यात कार्पेट ६२ चौरस मीटर निघाला. १०.७६४ ने गुणलं की ६६७ चौरस फूट होतात, आणि भाव चार हजारांवरून सहा हजारांच्या जवळ जातो. दोन प्रकल्पांची तुलना याच आकड्यावर करा. बाल्कनी यात धरत नाहीत. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. भोगवटा प्रमाणपत्राआधीच्या घरावर जीएसटी ५ टक्के लागतो, आणि ४५ लाखांपर्यंतच्या ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घरावर १ टक्का. आपल्याकडचे बहुतेक टू बीएचके दुसऱ्या गटात बसतात, तेव्हा कोटेशनमधला टक्का तपासा.

पाणी आणि पाया यांबद्दल या तिन्ही साइटवर कामाचं फार कमी सापडतं. नळाला किती दिवसाआड पाणी येतं, बोअर मे महिन्यात चालतो का, वर्षाला टँकरवर सोसायटी किती खर्च करते, हे शेजारच्या इमारतीच्या वॉचमनला विचारा. काळ्या मातीवरच्या घरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या जाणाऱ्या भेगा आणि जोत्याजवळची फट शोधा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून पाया मुरुमापर्यंत नेलेला हवा. बघायला जायची योग्य वेळ मे अखेर, तेव्हा भेगा सगळ्यात रुंद असतात.

सिडकोच्या घरांत जमीन मुळात भाडेपट्ट्याची असते, तिथे हस्तांतराला सिडकोचं ना-हरकत लागतं का ते आधी विचारा. गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या प्लॉटवरच्या, घराला २००१ च्या कायद्याखालचं नियमितीकरण प्रमाणपत्र मागा. ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना ते मिळू शकतं. "फाइल टाकलीय" या उत्तरावर इसार देऊ नका, प्रमाणपत्र हाती आल्यावरच रक्कम ठरवा.

आणि ई-सर्च दोनदा करायची: एकदा इसाराआधी, एकदा खरेदीखताच्या आदल्या दिवशी. मधल्या काळात नोंदलेला दस्त साइटवर यायला वेळ लागतो, म्हणून त्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयातही त्या गट नंबरची चौकशी करावी.