नगरच्या छोट्या मिशन शाळेत दुसरीचं वर्ष : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

जूनमध्ये आम्ही चिंचवडहून अहिल्यानगरला राहायला आलो. (तोंडात अजून नगरच येतं, त्यामुळे पुढेही तेच लिहिते.) नवऱ्याची बदली इथल्या एमआयडीसीत झाली होती. मुलगी सात वर्षांची, दुसरीत जाणारी. चिंचवडला ती इंग्रजी माध्यमाच्या मोठ्या शाळेत होती, वर्गात ५२ मुलं. घरी अखंड बडबड करणारी ही पोर तिथे वर्षभर तोंड उघडत नव्हती. पालकसभेत बाई म्हणाल्या, "शांत आहे, काही त्रास नाही तिचा." ते ऐकून मला रात्रभर झोप लागली नव्हती.

म्हणून इथे शाळा शोधताना मी एकच गोष्ट पाहत होते : वर्गात मुलं किती? शेजारच्या काकूंनी चर्चच्या आवारातल्या मिशनच्या प्राथमिक शाळेचं नाव सुचवलं. पहिली ते चौथी, मराठी माध्यम, अनुदानित. एकूण पट ४१. दोन खोल्या, एक व्हरांडा, कडुलिंबाचं झाड. शिकवायला दोघी, त्यातल्याच एक मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. आम्ही ख्रिस्ती नाही. सासूबाई माळकरी, दरवर्षी आळंदीला जातात. त्यामुळे नातेवाइकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न कोणता असेल हे सांगायला नको. अशा शाळेचा विचार करणाऱ्या बऱ्याच पालकांच्या मनात तोच असतो, म्हणून आधी त्याबद्दल.

प्रवेशाच्या दिवशी मी मोठ्या बाईंना सरळ विचारलं, "प्रार्थनेचं काय असतं इथे?" त्यांनी एक साधा कागद पुढे केला. शुक्रवारच्या उपासनेला आणि वचनाच्या, म्हणजे बायबलमधल्या ओळींच्या, तासाला मुलगी बसेल की नाही, एवढंच त्यावर लिहायचं होतं. "तुमच्या लेखी संमतीशिवाय आम्ही बसवत नाही," त्या म्हणाल्या. घरी येऊन मी वाचलं, तर राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदातच तशी तरतूद आहे : सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला लावायचं, तर मुलाच्या पालकांची संमती हवी. मी "नाही" लिहिलं. पहिले दोन महिने शुक्रवारी ती आणि आणखी तिघं व्हरांड्यात चित्रं काढत बसायची. कुणी त्यांना वेगळं वागवलं नाही, कुणी हिणवलं नाही. टिकलीला, बांगड्यांना हरकत नाही. संक्रांतीला तिळगूळ तिथेही वाटला. नऊ महिन्यांत धर्म बदलण्याविषयी मला, नवऱ्याला किंवा मुलीला कुणी एक शब्द बोललेलं नाही. हा माझ्या डोळ्यांसमोरच्या एका शाळेचा अनुभव आहे. तुमच्या गावातली शाळा कशी आहे, ते तुम्हीच जाऊन पाहा.

आता आठवडा कसा जातो ते सांगते. सोमवारी नखं तपासायची, हजेरी घ्यायची, आणि मग फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्या आठवड्याचं वचन लिहायचं. शुक्रवारपर्यंत ते पुसलं जात नाही. माझी मुलगी वचनाच्या तासाला बसत नव्हती, पण फळा तर समोरच होता. जुलैत बायबलमधलं तेविसावं स्तोत्र सुरू होतं, मेंढपाळाचं. त्यात 'आकडी' असा शब्द येतो. तिने घरी येऊन विचारलं, "आई, आकडी म्हणजे काय गं?" मला सांगता येईना. मी म्हटलं, उद्या बाईंना विचार. चिंचवडला असं सांगितलं असतं तर ती गप्प बसली असती. इथे तिने विचारलं, कारण बाई तिच्या पाटाशेजारीच बसलेल्या असतात.

बाईंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी पलीकडच्या खोलीतून चौथीतल्या एका मुलाला हाक मारली. त्याच्या मामाची मेंढरं आहेत. दुसऱ्या दिवशी तो खरी काठी घेऊन आला, वरच्या टोकाला वाकवलेली. झाडाची फांदी खाली ओढून मेंढरांना पाला कसा घालायचा, पाय अडकलेलं कोकरू कसं ओढून घ्यायचं, हे त्याने कडुलिंबाखाली करून दाखवलं. सगळ्या ४१ मुलांनी ती काठी हाताळली. नंतर गणितात त्या काठीने अंगण मोजलं : लांबी किती काठ्या, रुंदी किती काठ्या. पुढे दिवाळीनंतर दौंड रस्त्यावर मेंढरांचा मोठा कळप आडवा आला. आमची गाडी थांबली, तेव्हा पोर खिडकीतून ओरडली, "आई, ती बघ आकडी!" एक शब्द कसा शिकवावा हे मला त्या आठवड्यात कळलं.

मंगळवार-बुधवार कुठल्याही मराठी शाळेसारखे. सकाळी परिपाठ : राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, सुविचार. बालभारतीची पुस्तकं. शंभर मण्यांची माळ, काड्यांचे गठ्ठे, चिंचोके. दुपारी पोषण आहार, बहुतेक दिवस मसालेभात नाहीतर खिचडी. सरकारी नियमाने पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ. स्वयंपाकाच्या मावशी मोठ्या मुलांना वाढायला लावतात आणि सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कुणी घास घेत नाही. जेवणाआधी एक मूल दोन ओळींची प्रार्थना म्हणतं. कुणाला 'वदनी कवळ' म्हणायचं असेल तर तेही चालतं. मुलगी आता घरीही सगळ्यांची ताटं वाढून होईपर्यंत थांबते.

गुरुवार वाचनाचा. हा दिवस माझ्यासाठी या शाळेचं मोल आहे. 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेच्या उद्दिष्टानुसार दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचायला हवेत. बाई मोबाइलवर वेळ लावून प्रत्येकाला वेगळं वाचायला बसवतात. पहिली-दुसरीत मिळून १९ मुलं, त्यामुळे प्रत्येकाची पाळी येतेच. जुलैत माझी मुलगी मिनिटाला ११ शब्द वाचत होती. इंग्रजी माध्यमातून आलेली, बाराखडी कच्ची, जोडाक्षर आलं की अडली. बाईंनी मला बोलावून सांगितलं, "ताई, तिला अक्षरं येत नाहीत असं नाही. आपला आवाज ऐकायची तिला भीती वाटते. घरी तिला नुसतं पुस्तक देऊन बसवू नका, आजीला वाचून दाखवायला सांगा." त्याप्रमाणे रोज संध्याकाळी ती सासूबाईंना हरिपाठाच्या मोठ्या अक्षरांतल्या पुस्तिकेतून वाचून दाखवू लागली. ख्रिस्ती शाळेतल्या बाईंनी सांगितलेला गृहपाठ हरिपाठातून झाला, आणि हे कळल्यावर बाईंना मनापासून आनंद झाला. फेब्रुवारीत ती ४८ शब्दांवर आली. बाईंच्या वहीत नऊ महिन्यांचे आकडे तारखांसह लिहिलेले आहेत, मी स्वतः पाहिले.

दोन इयत्ता एकत्र बसण्याची मला सुरुवातीला धास्ती होती. त्यात खरोखर फायदा आहे. पहिलीची मुलं अक्षरं गिरवत असताना दुसरीचं मूल त्यांची पाटी तपासतं, आणि तपासता तपासता स्वतःचं पक्कं होतं. जिला कालपर्यंत कुणी विचारत नव्हतं, तिला पहिलीची पोरं 'ताई' म्हणू लागली. पण तोटाही आहे, आणि तो लहान नाही. गणित मागे पडतं. पहिलीला हात धरून शिकवावं लागतं, तोवर दुसरीची मुलं तीच उदाहरणं पुन्हा सोडवत बसतात. हातच्याची वजाबाकी आम्हाला घरीच पक्की करून घ्यावी लागली. आणि दोघींपैकी एक बाई सरकारी कामासाठी गेल्या की चारही इयत्ता एका खोलीत. हिवाळ्यात असे जवळजवळ दोन आठवडे गेले. त्या काळात मुलगी घरी येऊन सांगायची, "आज गाणी म्हटली." मोठ्या बाई दिवसभर उभ्या असायच्या, त्यांना दोष कसा देणार? साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हा नियम कागदावर ठीक आहे, पण चार इयत्तांना दोन माणसं कमीच पडतात.

शुक्रवारी उपासना. चर्चचे पाळकसाहेब पेटी घेऊन येतात, चौथीतली मुलगी खंजिरी धरते. सप्टेंबरात मुलीने स्वतःच विचारलं, "मी आत बसू का? गाणी बाहेर नीट ऐकू येत नाहीत." घरी यावर दोन दिवस बोलणं झालं. निर्णय शेवटी सासूबाईंनी दिला. त्या एका शुक्रवारी तिला घ्यायला लवकर गेल्या आणि व्हरांड्यात बसून ऐकत राहिल्या. परत येताना म्हणाल्या, "अगं, ही तर आपल्या भजनाची चाल. शब्द त्यांच्या देवाचे, पण ठेका आपलाच." ते कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं भजन होतं. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, नगरमध्ये मिशनचं काम केलं, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. अभंग-ओवीत बांधलेली त्यांची पदं इथल्या चर्चच्या मंडळीत अजून गायली जातात. मी नवा कागद भरून दिला. आता ती आत बसते आणि शनिवारी आजीबरोबर हरिपाठही म्हणते.

शुक्रवारचं पाठांतर सगळ्यांसमोर म्हणायचं असतं. ज्यांच्या घरची संमती नाही, त्यांनी वचनाऐवजी कविता किंवा पाढा म्हणायचा. मुलीने जुलैत दोनचा पाढा म्हटला, तोही भिंतीकडे तोंड करून. बाईंनी तिला वळायला सांगितलं नाही. एवढंच केलं की पुढच्या शुक्रवारी सगळी मुलं त्या भिंतीच्या बाजूला बसवली.

शनिवारी सकाळची शाळा : कवायत, कार्यानुभव, झाडांना पाणी. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही.

वर्षातला एक दिवस मात्र सांगायलाच हवा. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, मोठ्या बाईंनी मुलांना नगरचीच गोष्ट सांगितली. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं. सिंथिया फरार नावाच्या बाई १८३९ मध्ये इथे आल्या आणि त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी त्या शाळा पाहिल्या आणि मग १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. मुलगी घरी आली ती हेच सांगत, "आई, पुण्याच्या शाळेच्या आधी आपल्या नगरला मुलींची शाळा होती." 'आपल्या नगरला' हे तिने पहिल्यांदा म्हटलं.

डिसेंबराबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी बाईंना समोर बसून सांगितली. नाताळच्या नाटकाच्या तालमीत जवळजवळ तीन आठवडे दुपारचा अभ्यास बुडाला. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षी तालमी शेवटच्या तासाला ठेवू असं म्हणाल्या. ठेवतील का, ते पाहायचं. त्या नाटकात माझी मुलगी मेंढपाळ होती, हातात तीच मामाची आकडी. तिला एकच वाक्य होतं. तिची वेळ आली आणि ती थांबली. अंगणात दोन-अडीचशे माणसं बसलेली. माझे हात गार पडले. शेजारी उभ्या तिसरीतल्या मुलीने हळूच पहिला शब्द सांगितला. माझ्या मुलीने काठी जमिनीवर टेकवली आणि सगळं वाक्य म्हटलं, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. नवरा चित्रीकरण करायचा विसरला.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. फी नाही. रिक्षाचे महिना १,२०० रुपये, गणवेशाच्या दोन जोड्या, नाताळला ऐच्छिक वर्गणी. इंग्रजी कच्चं आहे. आठवड्यातून तीन-चार तास होतात, पण बोलण्याचा सराव नाही. संगणक एक आहे, तो बंदच असतो. आवार चर्चचं असल्यामुळे तिथे लग्न किंवा दफनविधी असला की शाळा लवकर सुटते, आणि त्याचा निरोप व्हॉट्सअॅपवर उशिरा येतो. नोकरी करणाऱ्या आई-वडिलांना हे अवघड जाईल. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी चार महिने तुटलेली होती. शेवटी आम्ही तीन पालकांनी मिळून बसवून घेतली. पट कमी होत चाललाय, ही काळजी बाईंच्या चेहऱ्यावर दिसते. मागच्या वर्षी ४७ होता असं त्या सांगत होत्या.

तुमचं मूल गर्दीत गप्प होत असेल, वाचनात अडत असेल, तर अशी शाळा जरूर जाऊन पाहा. गुरुवारी जा, वाचनाच्या वेळी. इंग्रजी, स्पर्धा परीक्षा आणि संगणक हे तुमच्यासाठी आधी येत असेल, तर इथे मन लागणार नाही. प्रार्थनेविषयी शंका असेल तर प्रवेशाआधी विचारा, आणि जे ठरेल ते लेखी घ्या.

आम्ही तिसरीला तिथेच ठेवतोय. पाचवीला शाळा बदलावीच लागेल, कारण ही चौथीपर्यंतच आहे. तो शोध पुढच्या वर्षी सुरू करू. गणितासाठी मी आठवड्यातून एक दुपार शाळेत येऊन बसू का, असं बाईंना विचारलंय. त्या म्हणाल्या, "ताई, सोमवारपासून या."