राजारामपुरीतला फ्लॅट की पाचगावकडचं रो-हाऊस? आधी रस्ते बघा

कोल्हापुरात घर घेणाऱ्या धाकट्या बहिणीपुढं सध्या हाच पेच आहे. राजारामपुरीत जुना फ्लॅट, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पाचगावकडं नवं रो-हाऊस, दारात गाडी, वर मोकळी गच्ची. घर म्हणून बघाल तर दुसरंच उजवं. शांतताही तिकडंच.

पण रो-हाऊस बघताना मागच्या खिडकीतून शेजारच्या लेआउटमधलं किराणा दुकान दिसलं, दारातल्या कांद्याच्या पोत्यांसकट. मध्ये कंपाउंडची भिंत. घड्याळ लावून चालत गेलो: आधी उलटं गल्लीच्या तोंडाशी, मग मोठ्या रस्त्यानं वळसा. अकरा मिनिटं लागली.

हे असं का होतं? शेत एकाचं, एन.ए. (बिगरशेती) लेआउट त्याच्यापुरता, रस्ताही जमिनीच्या त्या गटापुरताच. बांधापलीकडचा मालक आपला रस्ता दुसऱ्या बाजूनं काढतो. असे गट वाढत जातात, घरं शेकड्यांनी होतात आणि मोठ्या रस्त्याला मिळणारी तोंडं मोजकीच राहतात. दुचाक्या, स्कूलबस, पाण्याचे टँकर, सगळं तिथंच अडतं.

राजारामपुरीत मेन रोड तुंबला तर पुढच्या गल्लीतून निघता येतं. मंगळवार पेठेतले बोळ वाकडेतिकडे, पण बहुतेक कुठंतरी निघतातच. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या शाहूपुरीतली घरं किती बदलली, गल्ल्या मात्र अजून कामाला येतात. घर पाडून पुन्हा बांधता येतं. चुकलेली आखणी पुढच्या पिढ्यांनाही सोसावी लागते.

बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी जगभरातल्या रस्त्यांचे नकाशे तपासले. २०२० साली आलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार १९७५ पासून जगात नवे रस्ते एकमेकांना कमी कमी जोडलेले होत गेले. अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या मध्यानंतर नव्या वस्त्यांत ही घसरण उलटू लागली, म्हणजे ठरवलं तर जमतं.

उपनगरातच घ्यायचं असेल तर लेआउटचा रस्ता पुढं कुठं निघतो ते विचारा. ‘पुढं डीपी रोड होणार आहे’ असं सांगितलं तर विकास आराखड्यात (डीपीत) तो स्वतः बघा, जागेवर जाऊन किती झालाय तेही बघा. आणि संध्याकाळी सहाला एकदा तिथून बाहेर पडून बघा.

बहिणीचा मुलगा आठवीत आहे, क्लासला सायकलनं जातो. तिला मी राजारामपुरी सांगितलीय, जिने चढावे लागले तरी.