बस-कामगिरी अ‍ॅप, काही महिने वापरल्यावर: रद्द फेऱ्या गेल्या कुठे?

थेट नकाशा, मार्गांची यादी, महिन्याचा अहवाल हे सगळ्यांना ठाऊक आहेच. मी पैसे भरले ते एकाच गोष्टीसाठी, दोन बससेवांची कामगिरी शेजारी-शेजारी ठेवून बघता यावी म्हणून. नेमकं तिथेच हे अ‍ॅप गंडलंय.

ज्या महिन्यात थांब्यावर ताटकळून पाय दुखले, त्याच महिन्याच्या अहवालात माझा मार्ग ‘वेळेवर’च्या रकान्यात वरच्या क्रमांकावर! खोदून पाहिलं तर रद्द झालेली फेरी हिशेबातूनच गळते. समजा १०० फेऱ्या ठरल्या, २० सुटल्याच नाहीत, उरलेल्या ८० पैकी ७२ वेळेवर गेल्या. अ‍ॅप दाखवतं ९० टक्के. थांब्यावरच्या माणसाच्या लेखी ते ७२ आहेत. दुसऱ्या सेवेने शंभरच्या शंभर फेऱ्या सोडल्या आणि ८५ वेळेवर नेल्या, तर ती इथे खाली दिसते. फेऱ्या बुडवणाऱ्याचा क्रमांक वर, याला तुलना म्हणायचं?

तक्रार केली. आधी साच्यातलं उत्तर आलं, मग म्हणे ‘आम्ही जीपीएसवर दिसतं तेच मोजतो’. अहो, न सुटलेली बस जीपीएसवर दिसेल कशी? वेळापत्रक जीटीएफएसमध्ये (बससेवा आपलं वेळापत्रक अ‍ॅपना ज्या ठरावीक साच्यात देतात त्यात) असतंच, त्याच्याशी ताडून बघा ना. त्याच्याच ताज्या स्थितीच्या जोडसाच्यात, जीटीएफएस-रिअलटाइममध्ये, तर फेरी रद्द झाल्याची वेगळी नोंद करायची सोयही आहे.

मधल्या अपडेटनंतर मत बरंच सुधारलं. आता ‘जादा प्रतीक्षा’ दिसते, म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे थांबावं लागलं असतं त्यापेक्षा सरासरी किती जास्त थांबावं लागलं, आणि ती मला मनापासून आवडली. लंडनमध्ये तासाला ५ किंवा जास्त बस असलेल्या मार्गांना हेच माप लावतात. दर १० मिनिटांनी बस असेल तर वेळापत्रक कोण बघतं? सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. पण बस जोडीने यायला लागल्या, अंतरं २ आणि १८ मिनिटांची झाली, की सरासरी ८.२ मिनिटांवर जाते, कारण बहुतेक माणसं त्या १८ मिनिटांच्या खिंडारातच येऊन उभी राहतात. बस तेवढ्याच, तरी माणशी ३.२ मिनिटं वाया. शिवाय इथे रद्द फेरी लपत नाही. ती आली नाही की अंतर वाढतं आणि आकडा लगेच बिघडतो.

पण हे फक्त दाट फेऱ्यांच्या मार्गांना. तासाला एकच बस असते तिथे अजून जुनीच टक्केवारी आहे, आणि तिथेच एक फेरी बुडाली की माणसाचा अख्खा तास जातो.

बाकी, गर्दीचा रकाना अंदाजपंचे. दर १०,००० किलोमीटरमागे बिघाडांचा तक्ता चांगला आहे.

वार्षिक वर्गणी यंदा भरणार नाही. ‘ठरलेल्या फेऱ्या’ आणि ‘सुटलेल्या फेऱ्या’ असे दोन रकाने येईपर्यंत महिन्याच्या वर्गणीवरच राहणार.